रिचर्ड ओस्वाल्ड : गुलामांचा व्यापारी तहाच्या बैठकीत कसा?

प्रश्न (परभणीकर) :
खुलताबादला मलिक अंबराची कबर पाहून आल्यापासून मी गुलामांच्या व्यापाराविषयी वाचतो आहे. त्यात रिचर्ड ओस्वाल्ड (१७०५–१७८४) या स्कॉटिश व्यापाऱ्याचे नाव आढळले, आणि अमेरिकेशी झालेल्या पॅरिसच्या तहात ब्रिटनतर्फे बोलणी करणारा तोच होता हे वाचून चकित झालो. त्याचा व्यापार कसा चाले आणि त्याचीच निवड का झाली, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (आडतपुत्र, लातूर) :
वडिलांची मोंढ्यात आडत असल्यामुळे ही रीत मला लगेच समजली, आणि समजली म्हणूनच फार खटकली. १७४८ मध्ये ओस्वाल्ड आणि त्याच्या भागीदारांनी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन नदीतले बान्स बेट विकत घेतले. तेथून गुलाम केलेली माणसे अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदरी जात, जेथे हेन्री लॉरेन्स हा तिथला व्यापारी ती विकून देई आणि शेकडा १० आडत घेई. कॅरोलिनात भाताचे मळे होते आणि सिएरा लिओनकडच्या लोकांना भातशेतीची जाण होती, म्हणून त्यांना भाव चढा मिळे. आमच्याकडे मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन दाणा पारखतात, तशी तेथे माणसाच्या अंगची शेती पारखली जात होती. या पेढीने सुमारे १३,००० माणसे धाडली. बेटावर गोऱ्यांसाठी दोन खळग्यांचे गोल्फचे मैदानही होते, आणि काठ्या वाहणाऱ्या आफ्रिकी नोकरांना स्कॉटिश चौकड्यांचे कापड नेसवलेले असे.

उत्तर (जुना वाचक, अंबाजोगाई) :
निवडीचे कारण ओळखीपाळखीत आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकेचा वकील म्हणून निघालेला लॉरेन्स १७८० मध्ये समुद्रात ब्रिटिशांकडून पकडला जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला, तेव्हा त्याला जामीन राहिला तो ओस्वाल्डच. अमेरिकेची माहिती असलेला माणूस म्हणून ब्रिटिश मंत्री लॉर्ड शेलबर्न यांनी १७८२ मध्ये त्याला पॅरिसमधील अमेरिकी वकील बेंजामिन फ्रँकलिनकडे पाठवले. ३० नोव्हेंबरला मसुद्यावर सह्या झाल्या. त्याच्या आदल्या दिवशी अमेरिकेच्या बाजूने बोलणी करायला पोहोचलेल्या लॉरेन्सने, ब्रिटिश फौजांनी परतताना अमेरिकनांचे निग्रो वा अन्य मालमत्ता नेऊ नये, असे कलम घालून घेतले. ओस्वाल्डने ते मान्य केले. आडत्या आणि धनी समोरासमोर बसले होते, दुसरे काय होणार?

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. ते कलम पाळले गेले का?

उत्तर (जुना वाचक, अंबाजोगाई) :
पुरते नाही. ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेल्यांना स्वातंत्र्याचे वचन दिलेले असल्याने ते मालमत्ता ठरत नाहीत, अशी भूमिका न्यूयॉर्कमधील सेनापती गाय कार्लटन यांनी घेतली, आणि १७८३ मध्ये सुमारे ३,००० जण कॅनडातील नोव्हा स्कॉशियाला गेले. त्यांतले बरेच जण १७९२ मध्ये फ्रीटाऊन वसवायला सिएरा लिओनला पोहोचले. तेथून नदीने थोडे वर गेले की बान्स बेट लागते, आणि ओस्वाल्डच्या वारसांचा व्यापार तेथे तेव्हाही चालूच होता.