ताक की टाक? साडेनऊ महिन्यांच्या लेकीशी मराठी बोलून उपयोग होतो का?

नवखा_बाबा :
आम्ही कॅनडात, सरेला राहतो. बायको इथेच वाढलेली. मराठी समजतं, पण तोंडात इंग्रजीच येतं. मी लेकीशी मराठी बोलतो, ती अजून "बाबाबा"च्या पुढे सरकलेली नाही. मित्र म्हणतो, आत्ता तिला काय कळतंय, पाच वर्षांची झाली की क्लास लाव. तिकडून आई रोज नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बडबडगीतं म्हणते. या वयात डोक्यात खरंच काही चालू असतं, की आपलंच समाधान?

रात्रपाळी :
मी एमआरआय काढतो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तान्ह्या बाळाचा स्कॅन म्हणजे दूध पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, कानात बोळे घालायचे आणि मशीन ठकठकायला लागलं की देवाचं नाव घ्यायचं.

एका प्रकारच्या चित्रात मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या 'तारांचा', म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तंतूंचा, भाग पांढरा दिसतो. नवजात बाळात तोच भाग आजूबाजूपेक्षा काळसर, कारण तारांवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण फारसं चढलेलं नसतं. मध्ये, सहा-आठ महिन्यांच्या सुमारास, सगळं इतकं एकसारखं करडं दिसतं की सीमा शोधताना डोळे फुटतात. तुमची लेक त्यातून नुकतीच बाहेर पडत असणार. वेष्टण चढलं की निरोप कितीतरी पट वेगाने पळतो. हालचाल, स्पर्श, नजर यांच्या वाटा आधी तयार होतात. कपाळामागच्या सगळ्यात शेवटी, पार विशी उलटेपर्यंत.

शिवाय छाटणी. शिकागोच्या पीटर हटनलोकर यांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूंमधल्या पेशींच्या जोडण्या मोजल्या. नजरेच्या भागात आठव्या महिन्याच्या आसपास त्यांची सर्वाधिक गर्दी, मग वापरात नसलेल्या गळत जातात. कपाळामागची छाटणी तर पौगंडावस्थेपर्यंत चालते. (घरात पंधरा वर्षांचा कुणी असेल तर पटेल.)

आता तुमचं ताक. जॅनेट वर्कर आणि व्हँकूव्हरचे रिचर्ड टीज यांचा १९८४ चा निबंध आहे. इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, मग खेळणं हलताना दिसतं. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. तेव्हा मित्राला सांगा, क्लास नंतर. 'ताक' आणि 'टाक' आत्ताच कानावर पडू द्या.

आगाऊ_काकू :
म्हणजे वर्ष झालं की दार बंद? माझी सून लखनौची, सव्विसाव्या वर्षी आली. दोन वर्षं आम्हाला 'केली' खाऊ घातली. आता भाजीवाल्याशी "केळी किती कच्ची आहेत" म्हणून भांडते, तेही स्वच्छ ळ काढून!

रात्रपाळी :
काकू, बंद नाही होत, जड होतं. सूनबाईंनी दोन वर्षं ढकललं ना? तान्ह्या बाळाला ढकलावं लागत नाही, एवढंच.

व्हिडिओ कॉलचं राहिलं. सिएटलच्या पॅट्रिशिया कुल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, बारा वेळा. बाळांनी चिनी आवाजांतला फरक पकडला. तेच टीव्हीवर दाखवलं तर काही नाही. आजी म्हणजे टीव्ही नव्हे, बाळाने हुंकार दिला की त्या उत्तर देतात. कॉल बंद करू नका. पण फोन उशीला टेकवून स्वयंपाकघरात जाऊ नका. मांडीवर घेऊन बसा. आजींनी "काऊ" म्हटलं की खिडकीतला दाखवा.

नवखा_बाबा :
आज बसलो. खिडकीत कावळा नव्हता, सीगल होता. आई म्हणाली, "चालेल, तोही काऊच." लेक आधी फोनकडे बघत होती, मग माझ्या तोंडाकडे.