कासच्या बेसाल्टमधील युरोपियम आणि जांभ्यातील सिरियम: खडकाचे की यंत्राचे?

प्रश्न (सातारा):
नमस्कार. कास पठारावरील जांभा आणि त्याखालचा ताजा बेसाल्ट यांचे नमुने अकीकाच्या खलात दळून, हायड्रोफ्लोरिक व नायट्रिक आम्लांत विरघळवून, आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानानुसार मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर) युरोपियम, सिरियम इत्यादी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मोजून घेतली. काँड्राइटशी (आदिम उल्कापाषाणाशी) तुलना करून काढलेल्या आलेखात बेसाल्टमधील युरोपियम शेजारच्या मूलद्रव्यांपेक्षा किंचित वर, तर जांभ्यातील सिरियम बरेच वर दिसते. प्रबंधात लिहिण्यापूर्वी यांची खातरजमा कशी करावी?

उत्तर (सांगली):
सिरियमची चिंता कमी करावी. १४० वस्तुमानावर त्याला इतर मूलद्रव्यांच्या संकेतांचा अडथळा जवळजवळ नसतो आणि जांभा तयार होताना सिरियमचे चार-संयुजी ऑक्सिडीकरण होऊन ते मागे राहते, बाकीची भावंडे पाण्याबरोबर निघून जातात. युरोपियमचे तसे नाही. बेरियमचा ऑक्साइड त्याच्या १५१ आणि १५३ या दोन्ही समस्थानिकांवर येऊन बसतो. बेरियम १३० पीपीएम (दशलक्षात १३० भाग), युरोपियम २ पीपीएम आणि ऑक्साइडचे प्रमाण ०.१ टक्के धरल्यास १५१ वर सुमारे १ टक्का, तर १५३ वर सुमारे १.४ टक्के भर पडते. म्हणून दोन्ही समस्थानिकांवरून काढलेली युरोपियमची मूल्ये वेगवेगळी मागवावीत. १५३ चे मूल्य सातत्याने जास्त आले तर बेरियम ऑक्साइडची भर वजा करण्याची दुरुस्ती अपुरी आहे असे समजावे. आलेखात युरोपियमच्या शेजारी असलेले गॅडोलिनियम १५७ वर मोजले असल्यास तेथे प्रासिओडायमियमचा ऑक्साइड मिसळून ते वाढलेले दिसते, आणि त्यामुळे त्याच्या तुलनेत युरोपियम उलट खाली गेल्यासारखे दिसते, हेही ध्यानात घ्यावे. हे सारे तपासूनही वाढ टिकली, तर भिंगाखाली प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाचे मोठे स्फटिक शोधावेत, कारण द्वि-संयुजी युरोपियम त्यात कॅल्शियमच्या जागी सहज शिरते.

उत्तर (कराड):
माझी शंका विरघळवण्याच्या पायरीबद्दल आहे. जांभ्यात ॲल्युमिनियम भरपूर असते. हायड्रोफ्लोरिक आम्लात त्याचे न विरघळणारे फ्लोराइड तयार झाले, तर दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये त्यातच अडकतात आणि द्रावण स्वच्छ दिसले तरी तळाशी साका उरू शकतो. मोजणी पडताळण्यासाठी वापरतात तो बीएचव्हीओ-२ हा प्रमाण नमुना हवाईचा बेसाल्ट असल्याने त्याची मूल्ये बरोबर आली तरी जांभा पूर्ण विरघळल्याची खात्री त्यावरून मिळत नाही. एक-दोन नमुने लिथियम मेटाबोरेटबरोबर वितळवून पुन्हा मोजावेत. मात्र त्या द्रावणात क्षार फार असतात, म्हणून ते अधिक पातळ करावे लागेल.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. १५१ व १५३ ची मूल्ये प्रयोगशाळेकडे मागितली आहेत. युरोपियम वर असलेल्या नमुन्यांत प्लॅजिओक्लेजचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. जांभ्याचे नमुने वितळवून मोजेपर्यंत त्यांचा आलेख प्रबंधात घेणार नाही.