शब्दचर्चा : 'जोखमी रसायणो' मराठीत कसं लिहावं?

छाणीकर : आमच्या बडोद्यातल्या सोसायटीने गॅसगळती झाली तर काय करायचं याचं गुजराती पत्रक काढलंय. इथली मराठी म्हातारी माणसं गुजराती अस्खलित बोलतात, पण वाचताना अडखळतात. म्हणून मराठी प्रत मी करतोय. पहिल्याच ओळीत 'जोखमी रसायणो' आहे. 'जोखमीची रसायनं' असं लिहून आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "जोखमीची म्हणजे महागाची का रे?" मग 'घातक' लिहू की 'धोकादायक'?

रावपुरावासी : आईंचं बरोबर आहे. आमची आजी लग्नाला निघाली की पिशवी काखेत घट्ट धरायची. "यात जोखीम आहे, खाली ठेवू नकोस." जोखीम म्हणजे दागिने! जिवापाड जपायचं तेही जोखीम आणि अंगाशी येईल तेही जोखीम. शब्द सुंदर आहे, पण पत्रकात नको. 'धोकादायक' घ्या. नुसता 'धोका' मात्र टाळा, इथल्या मुलांना त्यात हिंदीतली फसवणूक ऐकू येते.

निवृत्त सुरक्षा अधिकारी : माझी नोकरी बडोद्याजवळच्या नंदेसरीत, रसायनांच्या कारखान्यांच्या वसाहतीत झाली, म्हणून सांगतो. क्लोरीनचा सिलिंडर हा धोका. तो गळायची शक्यता किती आणि गळला तर किती माणसं सापडतील, ही जोखीम. सिलिंडर तोच, पण शेजारी वस्ती उभी राहिली की जोखीम वाढते. तेव्हा पत्रकात धोका, आपत्कालीन आराखड्यात जोखीम. 'घातक' सरसकट नको. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया रोजचाच असतो, नीट हाताळला तर घात करत नाही.

छाणीकर : आराखड्यावरून आठवलं, 'ऑफ-साइट प्लॅन' आणि 'लोकल क्रायसिस ग्रुप' यांना काय म्हणू?

निवृत्त सुरक्षा अधिकारी : भोपाळनंतर, धोकादायक रसायनांबद्दलच्या 1989च्या नियमांनी दोन आराखडे सांगितले : आवारातला कारखान्याने करायचा, आवाराबाहेरचा जिल्हा प्रशासनाने. 'आवाराबाहेरचा आराखडा' कुणालाही कळेल. 'लोकल क्रायसिस ग्रुप' हा स्थानिक गट रासायनिक अपघातांबद्दलच्या 1996च्या नियमांतला.

रावपुरावासी : 'संकट गट' नको, गटच संकटात आहे असं वाटतं. 'संकटनिवारण गट' लिहा. मॉक ड्रिलला वर्तमानपत्रं 'रंगीत तालीम' म्हणतात, पण बडोद्यात तालीम म्हटलं की कुणाला आखाडा आठवतो, कुणाला नाटक, आणि गुजरातीत ते सरळ प्रशिक्षण. 'सराव' बरा.

निवृत्त सुरक्षा अधिकारी : सराव ठीक. पण नामांपेक्षा क्रियापदांत घोटाळा जास्त होतो. एका सरावात सायरन वाजला, लाउडस्पीकरवरून 'सतर्क राहा' सांगितलं, आणि अख्खी सोसायटी गेटवर आली, काय झालं ते बघायला. एक आजोबा तर खुर्ची घेऊन आले. त्यांचं काही चुकलं नाही, सतर्क माणूस बघायला येणारच. 'आत या' म्हणायला हवं होतं. तुमच्या पत्रकात वाऱ्याबद्दल काय लिहिलंय?

छाणीकर : 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे.'

निवृत्त सुरक्षा अधिकारी : कृपा करून खोडा. 'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून येणारा, मग त्याची दिशा कोणती धरायची, येण्याची की जाण्याची? घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. शिवाय वारा येतो त्याच बाजूला गळती असेल, तर वाऱ्याला तोंड देऊन चालणारा थेट गॅसच्या ढगात शिरतो. 'वारा डाव्या किंवा उजव्या गालाला लागेल असे चाला' असं लिहा. गाल चुकत नाही. आणि क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, तो जमिनीलगत साचतो. 'सुरक्षित स्थळी जा' हे मोघम आहे, त्याऐवजी 'वरच्या मजल्यावर जा'.

छाणीकर : असं केलंय : "धोकादायक वायू सुटला आहे. घरात या. वरच्या मजल्यावर जा. दारं-खिडक्या लावा. हवा आत ओढणारे पंखे बंद करा. फटींना ओले टॉवेल लावा. सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. बाहेर अडकलात तर वारा डाव्या किंवा उजव्या गालाला लागेल असे चाला." आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "कूलरसुद्धा?"

निवृत्त सुरक्षा अधिकारी : कूलर आधी! तो बाहेरचीच हवा ओढतो.

छाणीकर : 'पंखे'च्या जागी 'कूलर आणि एक्झॉस्ट पंखे' केलं. उद्या छापायला देतो, अक्षर मोठं ठेवून.