पेटीट आर्विन: व्हॅलेच्या डोंगरउतारावरची ही व्हाइट वाइन खारट का लागते?

सांजवारा
नमस्कार मंडळी, स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तिकडे फिरून आलेल्या लोकांना विचारायचंय. बहिणीकडे जिनिव्हाला गेलो होतो तेव्हा तिने व्हॅले कँटनची (तिकडच्या राज्याला कँटन म्हणतात) पेटीट आर्विन, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची वाइन, उघडली होती. नाशिकची शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्याँ वगैरे मी आवडीने पितो, पण हे प्रकरण वेगळंच होतं, आधी पपनसासारखी आंबट आणि किंचित कडसर चव आणि घोट खाली उतरल्यावर जिभेच्या कडेला चक्क मीठ! भावोजी म्हणाले ही मिनरल वाइन, डोंगराच्या दगडातली खनिजं मुळांवाटे द्राक्षात उतरतात. हे खरंच असं असतं का? आणि येत्या सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन परत जातोय तर या बागा बघायला कुठे जावं, बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यामुळे फार चढउतार नको. येताना बाटल्या आणायच्या तर काय बघून घ्यायच्या तेही सांगा.

लोझानवासी
वा, आवडीचा विषय काढलात. दगडाची चव ही गोष्ट इथले बागवालेसुद्धा फार प्रेमाने सांगतात पण ती तशी शब्दशः खरी नाही. वेल पाण्यातून पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेते हे बरोबर, पण वाइनमध्ये ते इतकं कमी उरतं की जिभेला वेगळं कळत नाही, आणि खडकाला स्वतःची चव नसतेच. त्यातून असं बघा, फ्युई गावाच्या वर ग्रॅनाइट आहे आणि शामोझोंला चुनखडीचा गाळ, तरी आर्विनचा तो खारा शेवट दोन्हीकडे सापडतो. म्हणजे तो बराचसा त्या जातीचाच गुण. ही जात जुनी आहे, १६०२ च्या कागदपत्रांत तिचं नाव सापडतं, आणि व्हॅलेच्या बाहेर फारच कमी लावतात, थोडीफार डोंगरापलीकडे इटलीच्या आओस्ता खोऱ्यात.

पण म्हणून डोंगराचा काहीच वाटा नाही असं अजिबात नाही हां! आर्विन उशिरा पिकते, तिला भरपूर ऊन लागतं, आणि र्‍होन नदीचं हे खोरं दोन्ही बाजूंनी उंच आल्प्सने अडवलेलं असल्यामुळे पाऊस जेमतेम ६०० मिलिमीटरच्या आसपास. शिवाय फन नावाचा गरम कोरडा वारा खोऱ्यातून वाहतो. दिवसा उतार आणि दगडी बांध तापतात, रात्री वरून थंड हवा उतरते, त्यामुळे साखर भरते तरी आंबटपणा टिकतो. बरेच वाइनमेकर तो आंबटपणा मऊ करणारं दुसरं फर्मेंटेशन मुद्दाम होऊ देत नाहीत. असा धारदार आंबटपणा, वास फार भडक नाही, आणि वर तो खारेपणा, या सगळ्याला मिळून लोक मिनरल म्हणतात. माझ्या मते शब्द चांगला आहे, फक्त त्याचा अर्थ खडक विरघळलाय असा घेऊ नये.

मांडवाखाली
आमची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, टेबल ग्रेप्सची, म्हणून मला यातली शेतीच जास्त दिसते. कंपनीच्या ट्रेनिंगसाठी तिकडे गेलो तेव्हा व्हॅलेतल्या सिओन शहराजवळच्या बागा बघितल्या. एकेका बांधावर वेलींच्या दोन-तीन ओळी, मग पुरुषभर उंचीची भिंत, की परत दोन-तीन ओळी. ट्रॅक्टर जाणारच कुठून? छाटणी हाताने, विरळणी हाताने, तोडणी हाताने, आणि भरलेले क्रेट काही ठिकाणी एका रुळावरच्या छोट्या गाडीने खाली येतात. फवारणीला हेलिकॉप्टर किंवा आता ड्रोन. आपण एप्रिल आणि ऑक्टोबर अशी वर्षात दोनदा छाटणी करून थंडीत माल काढतो, त्यांना मात्र हिवाळ्यानंतर एकच संधी, आणि एप्रिलमध्ये फुटवे निघाल्यावर गोठवणारं दंव पडलं की सगळं संपलं. २०१७ ला असंच मोठं नुकसान झालं होतं तिथे.

त्या भिंती मी जवळून बघितल्या, सिमेंट नाही, नुसते दगड एकमेकांत अडकवलेले. पावसाचं पाणी फटींतून निघून जातं म्हणून मागची माती दाब देत नाही. एखादा दगड निसटला तर लगेच बसवावा लागतो, नाहीतर पोट सुटून भिंत ढासळते. माणूस गुडघ्यावर बसून हातोडीने दगडाचा कोपरा उडवत होता, बसवून बघायचा, काढायचा, परत उडवायचा. अशा कोरड्या भिंती रचायच्या कलेला युनेस्कोने २०१८ मध्ये वारशाच्या यादीत घेतलंय, स्वित्झर्लंडसकट आठ देशांसाठी. बाटली महाग का असं विचारणाऱ्याने ते काम एकदा बघावंच. एवढ्या कमी पावसात पाण्याचं काय करतात ते मात्र विचारायचं राहिलं.

लोझानवासी
@मांडवाखाली, पाण्यासाठी बिस म्हणजे पाट आहेत, मध्ययुगापासूनचे, वरच्या ओढ्यांचं आणि बर्फाचं पाणी उताराला आडवं फिरवून आणतात.

@सांजवारा, त्यातल्याच क्लाव्हो नावाच्या पाटाच्या कडेने सेंट लेओनार ते सिओन चालत जाता येतं, बऱ्यापैकी सपाट, दोन-अडीच तास, वाटेत बागेतच बसून वाइन आणि चीज मिळतं. पण वाट काही ठिकाणी अरुंद आहे, बाबांना जमेल का ते तुम्हीच ठरवा.

रानजाई
बाबांच्या गुडघ्यांसाठी मी लाव्हो सुचवेन. लोझानच्या पुढे जिनिव्हा तळ्याकाठचा उतार, ८०० हेक्टरच्या आसपास बागा, २००७ पासून युनेस्कोच्या यादीत. व्हव्हेहून प्विदूला जाणारी छोटी गाडी थेट बागांमधून वर चढते, खिडकीत बसून सगळं दिसतं. रिव्हाझला लाव्होच्या वाइन चाखायचं केंद्र आहे, स्टेशनापासून जवळ. इथली द्राक्षं शास्ला, चव सौम्य, आर्विनइतकी खारी-आंबट नाही, तळ्यातल्या पर्च माशाबरोबर छान लागते. आणि हे सगळं आज दिसतंय ते लोकांमुळे, १९७७ मध्ये व्हो कँटनच्या मतदारांनी लाव्होत बांधकामांना आळा घालायच्या बाजूने कौल दिला, नाहीतर त्या उतारावर आज बंगले असते.

सांजवारा
खूप खूप आभार सगळ्यांचे! लाव्हो पक्कं, आणि एक दिवस आम्ही दोघं भावंडं सिओनला जाऊन तो पाट चालून येऊ. बाटल्यांचं सांगा ना कोणीतरी.

लोझानवासी
भारतात शोधत बसू नका, स्विस वाइनची निर्यात जेमतेम १-२ टक्के, बहुतेक सगळी इथेच संपते. आर्विन साधारण २०-३० फ्रँकला चांगली मिळते. लेबलवर फ्लेत्री लिहिलेलं असेल तर ती वेलीवरच सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, तीही सुरेख असते पण तुम्हाला हवी ती नव्हे. बूच बऱ्याचदा फिरकीचं असतं, त्यावरून हलकी समजू नका. ड्यूटी-फ्री माणशी २ लिटर, म्हणजे तिघांत आठ बाटल्या आरामात. फार गार करू नका, १०-१२ डिग्री पुरे, आणि घरी तव्यावरच्या पापलेटाबरोबर उघडा, तिखट मात्र बेताचं. सिओनच्या बाजूचे छोटे बागवाले रविवारी बरेचदा बंद असतात आणि सप्टेंबरात तोडणीच्या गडबडीत असतात, त्यामुळे आधी फोन करून जा.