कस्टम एलिमेंट: एका सफारीसाठी 'इज' सोडून द्यायचं का?

फ्रंटएंडवाली:
कस्टम एलिमेंट म्हणजे आपण स्वतः बनवलेला HTML टॅग, आणि त्यातल्या 'इज'बद्दल माझं मत स्पष्ट आहे, वापरायचं. तयार टॅगला 'इज' अ‍ॅट्रिब्यूट लावून त्यावर आपलं एलिमेंट बनवायची सोय स्टँडर्डमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्सनी 2018 मध्येच दिली, अ‍ॅपलचं सफारी मात्र अजून नाहीच म्हणतंय. त्रास काय होतो तर आयफोनवर आपलं बटन गुपचूप साधं बटन होऊन बसतं, आणि टेस्टर म्हणतो अहो मी क्रोममध्येच उघडलंय, पण आपल्याकडे आयफोनवरचं क्रोमसुद्धा आतून वेबकिटच, म्हणजे सफारीचंच इंजिन, असतं ना! एका इंजिनच्या नकारापायी सगळ्यांनी का थांबायचं? पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेली सोय भरून काढणारी स्क्रिप्ट) टाका आणि वापरा.

जुनागडी:
अजिबात पटलं नाही. वेबकिटवाल्यांचा तो हट्ट नाहीये, त्यांचं म्हणणं असं की ब्राउझरचे बिल्ट-इन क्लास कुणी वरून वाढवावेत म्हणून लिहिलेलेच नाहीत, उद्या इनपुटमध्ये नवीन काही आलं की तुमचा क्लास मोडणार. आणि बटन, इनपुट यांना शॅडो रूट (एलिमेंटच्या आतला, बाकी पानापासून वेगळा ठेवलेला भाग) लावताच येत नाही, म्हणजे निम्मा फायदा तिथेच गेला. त्यापेक्षा आपला टॅग घ्या आणि आत खरं बटन ठेवा. स्क्रिप्ट लोड नाही झाली तरी बटन राहतं, टॅबने फोकस होतं, एंटरने दाबता येतं.

फ्रंटएंडवाली:
बटनाचं मान्य. पण टेबलाचं काय करणार? ओळीच्या जागी आपला टॅग लिहिला की पार्सर (HTML वाचणारा ब्राउझरचा भाग) तो उचलून टेबलाच्या बाहेर वरती नेऊन टाकतो, आणि हे सगळ्याच ब्राउझरमध्ये होतं. ओळच आपली हवी असेल तर 'इज'शिवाय काय आहे?

पुणेरी_डेव्ह:
अख्खं टेबल आपल्या टॅगमध्ये गुंडाळा आणि क्लिक वगैरे बाहेरूनच पकडा, ओळीला एलिमेंट करायचा अट्टाहास कशाला. दुसरं म्हणजे लोक ज्याला सफारीचा बग म्हणतात ते बऱ्याचदा वेळेचं गणित असतं. स्क्रिप्ट हेडमध्ये डिफर (पान वाचून झाल्यावरच चाल असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) न लावता टाकली तर कनेक्टेड-कॉलबॅक (एलिमेंट पानात आलं की चालणारं फंक्शन) ओपनिंग टॅग वाचल्याबरोबर चालतो, आतले टॅग अजून आलेलेच नसतात, तेच डिफर लावलं की पान वाचून झालेलं असतं आणि सगळं नीट दिसतं. हे क्रोममध्येही असंच आहे. खरे फरक बघायचे तर फॉर्मचे बघा, आपलं एलिमेंट फॉर्मचा भाग व्हायची सोय क्रोमला 2019 मध्ये आली आणि सफारीला थेट 16.4 मध्ये, म्हणजे 2023. जुना आयफोन असेल तर फॉर्म सबमिट होतो पण त्या फील्डची व्हॅल्यू जातच नाही, हे जास्त घातक आहे.

जुनागडी:
+1. तिथे पण उपाय तोच, आत एक हिडन इनपुट ठेवा, शॅडो रूटच्या बाहेर मात्र, नाहीतर फॉर्मला तो दिसत नाही.

फ्रंटएंडवाली:
हिडन इनपुट ठीक आहे, घेते. टेबलावर मी ठामच आहे. प्रत्येक ओळ स्वतःचा टायमर सांभाळते तिथे ओळ काढली की डिस्कनेक्टेड-कॉलबॅक आपोआप येतो आणि टायमर बंद करता येतो, बाहेरून गुंडाळलं तर तेच काम म्युटेशन ऑब्झर्व्हर (पानातले बदल टिपणारी सोय) लावून मला हाताने लिहावं लागणार. मग तयार पॉलिफिल घेतला तर काय बिघडलं?