मदत हवी आहे: ३२१५०३१७५१ ची भावंडं कशी शोधायची?

मिलर-राबिन ही संख्या मूळ (अविभाज्य) आहे का ते तपासणारी चाचणी; तिच्यात पाया म्हणून निवडलेल्या संख्येचे घात तपासतात. २, ३, ५, ७ हे चारही पाये लावले तरी ही संख्या मूळ म्हणूनच पास होते. २५०० कोटींच्या आत अशी ही एकटीच. खरं तर ती १५१ × ७५१ × २८३५१ आहे. ११ लावला की लगेच सापडते.

तिन्ही अवयवांना ४ ने भागलं की बाकी ३, आणि १५०, ७५०, २८३५० या तिघांनीही ३२१५०३१७५० ला पूर्ण भाग जातो. म्हणून पाया तिन्हींपाशी वर्गावशेष (एखाद्या वर्गसंख्येला त्या अवयवाने भागून उरणारी बाकी) असला, किंवा एकाहीपाशी नसला, की चाचणी फसते. २ आणि ५ तिन्हीकडे आहेत, ३ आणि ७ कुठेच नाहीत. ११ मात्र फक्त १५१ पाशी.

अवयव क+१, ५क+१, १८९क+१ धरून क = १५० + ३७८०ट घेतलं आणि तिन्ही मूळ निघाले, तर हे चार पाये हमखास फसतात. अडचण अशी की ६४ बिटांत (म्हणजे २^६४ च्या आत) ट ७१ वरच संपतो. कोड तपासायला ११ आणि १३ लाही चकवणारी संख्या हवी आहे. १, ५, १८९ ऐवजी कोणती गुणोत्तरं घ्यावीत, आणि ११, १३ च्या अटी आधीच लावून क ची चाळणी कशी करावी? तयार यादी नको, पद्धत हवी.