जिओकॅशिंग ऍपमधला सर्च सुधारायचाय, सुरुवात कुठून करू?

रानवाटा:
नमस्कार मंडळी, आम्ही दोघं-तिघं मिळून फावल्या वेळात जिओकॅशिंगचं (जीपीएसवरून लपवलेल्या डब्या, म्हणजे कॅश, शोधायचा खेळ) एक मोबाईल ऍप करतोय. नकाशा, कंपास, लॉग (कॅश सापडल्याची नोंद) लिहिणं सगळं व्यवस्थित चालतं पण सर्चच्या तक्रारी काही थांबत नाहीयेत. नकाशा सरकवून दुसरीकडे नेला तरी यादी मात्र तुम्ही उभे आहात तिथलीच, जीसी कोड (प्रत्येक कॅशचा जीसीने सुरू होणारा कोड) टाकला तर कधी सापडतो कधी नाही, आणि आधी लावलेला फिल्टर लक्षात नसला की "काही सापडलं नाही" एवढंच येतं, मग माणूस समजतो इथे कॅशच नाहीत. टीममधले म्हणतायत ऍडव्हान्स सर्चची वेगळी स्क्रीन करू, ढीगभर रकाने देऊ. मला ते अजिबात पटत नाहीये. कोणी यावर काम केलंय का?

उत्तरदिशा:
वेगळी स्क्रीन करूच नका. बॉक्स एकच ठेवा आणि समोरच्याने काय टाकलंय ते ऍपने ओळखावं. जीसीने सुरू झालं की कोड. आता गंमत बघा, कोडमध्ये जीसीच्या पुढे आय, एल, ओ, एस आणि यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे कोणी ओ टाकला की बिनधास्त शून्य धरा, एस असेल तर ५, आय किंवा एल असेल तर १. लोक कागदावरून नाहीतर फोटोत बघून टाईप करतात, तुमचं "कधी सापडतो कधी नाही" बहुतेक इथेच अडतंय.

कोऑर्डिनेट्सचंही तसंच. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहायची पद्धत, पण बाकीच्या नकाशांतून कॉपी केलं की बरेचदा दशांश अंश येतात. ४५ अंश ३० मिनिटं म्हणजे ४५.५ अंश, ते कोणी ४५.३० वाचलं तर उत्तर-दक्षिण साधारण २२ किलोमीटरची चूक. म्हणून आधी नकाशावर पिन दाखवा, मग यादी.

डबीशोध्या:
वरच्याला अनुमोदन. फक्त फिल्टर आपोआप उडवायच्या भानगडीत पडू नका प्लीज. लहान मुलांना घेऊन जाणारा माणूस टेरेन (वाट किती अवघड त्याचा आकडा) २ च्या वर जाणारच नाही, त्याने दर वेळी तेच परत सेट करायचं का? लावलेले फिल्टर बॉक्सखाली कायम दिसू द्या आणि यादी रिकामी आली तर कारण सांगा, "टेरेनची अट काढली तर ६ सापडतील" असं.

आणि मिस्ट्री कॅश, म्हणजे कोडं सोडवल्यावरच ज्यांची जागा कळते ते! पानावर दिलेला पॉईंट खरा नसतो, खरी जागा त्याच्यापासून २-३ किलोमीटरवर असू शकते. एवढं डोकं लावून कोडं सोडवायचं, सुधारलेले कोऑर्डिनेट्स सेव्ह करायचे आणि "जवळपासचे कॅश" मध्ये ऍप अजून जुन्याच पॉईंटवरून अंतर मोजणार, हे फार खटकतं. कोडं सुटलं असेल तर सर्चनेही सुटलेलीच जागा धरली पाहिजे.

रानवाटा:
ओ आणि शून्याचं आजच करून टाकतो, मिस्ट्रीचं तर आमच्या डोक्यातच नव्हतं, खूप आभार. एक अडचण आहे, नकाशाच्या मध्यापासून शोधायचं म्हटलं की सगळ्या कॅशचं अंतर काढत बसावं लागतं आणि बोट जरा हललं की परत पहिल्यापासून. सर्व्हर रडतो.

कोडकीडा:
सगळ्यांचं कशाला काढता? डेटाबेसला आर-ट्री इंडेक्स (जागेनुसार नोंदी पटकन शोधून देणारी सूची) लावा, आधी स्क्रीनवर दिसणाऱ्या चौकोनातले कॅश उचला आणि नेमकं अंतर फक्त त्यांचंच काढा. "माझ्यापासून ५ किलोमीटर" वाला चौकोन करताना एक सांभाळा, रेखांशाचा १ अंश विषुववृत्तावर साधारण १११ किलोमीटर असतो, ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्माच, म्हणून तिथे अक्षांशाचा कोसाइन घ्यावाच लागतो, नाहीतर पूर्व-पश्चिमेकडचे कॅश गळतात. बोट हललं की लगेच शोधू नका, "या भागात शोधा" असं बटण द्या.

शिवाय शेवटची यादी हिंट आणि लॉगसकट फोनमध्ये ठेवा, झाडीत रेंज मिळेलच असं नाही. इंडेक्स लावल्यावर किती फरक पडला ते इथे नक्की टाका, मलाही बघायचंय.